गुडघाभर पाणी

१

समुद्रावर जायचं म्हटलं की आमची निम्मी सकाळ पिशव्या भरण्यातच जायची. टॉवेल, कोरडे कपडे, केळी, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, ठकीचं रबरी बदक. सगळं कोंबून दाराला कुलूप लावलं की आठवायचं, छत्री आतच राहिली. मग पुन्हा कुलूप उघडा. भाड्याची खोली किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, पण आमचा थाट असा, जणू घर हलवायला निघालोय.

ठकी ही माझ्या शेजारणीची मुलगी. शेजारीण वयाने माझ्या लेकीसारखी. दातांच्या डॉक्टरकडे पेशंटचे नंबर लावायचं काम करते. नवरा दूरच्या नोकरीत, पाहुण्यासारखा येतो आणि पाहुण्यासारखा जातो. तिच्याकडे काय शिजलं, कुणाचा फोन आला, हे मला भिंतीतून कळतं, आणि नाही कळलं तर मी जाऊन विचारते. लोक याला भोचकपणा म्हणतात. म्हणोत बापडे.

आदल्या वर्षी ठकीला मोठा ताप आला. ताप उतरला, पण पोरीचे पाय घेऊन गेला. डॉक्टर म्हणत, आता पायांत दोष काही नाही, पण तिने पाऊल टाकायला हवं, पाण्यात चालवून बघा, पाण्यात अंगाचा भार हलका होतो. ठकी काही पाऊल टाकेना. पाय जमिनीला लागले की तोंड पांढरं पडायचं आणि दोन्ही हात वर. मग आई उचलायची. वर्षभर ती पोर आईच्या कमरेवरच होती, आणि आईची कंबर एका बाजूला कलली होती ती कायमची.

मग कुणीतरी या बेटाचं नाव काढलं. खाडीच्या कुशीतला किनारा, लाट म्हणून नाही, आणि आत कितीही चालत जा, पाणी गुडघाभरच. लेकुरवाळी माणसं तिथेच जातात म्हणे. शेजारणीने रजा टाकली आणि मला म्हणाली, काकू, तुम्ही येता का, मला एकटीला तिला पाण्यात धरवणार नाही. आमच्या ह्यांना वाळूचा तिटकारा. म्हणून मी एकटीच गेले.

२

किनारा सांगितला होता तसाच होता. दोन्ही बाजूंनी जमिनीचे हात पुढे आलेले आणि मध्ये पाणी, ताटात ओतल्यासारखं. वारा मात्र भरपूर. दूरवर वाऱ्यावर चालणाऱ्या शिडाच्या फळ्या पळायच्या, एकेकीवर एकेक माणूस उभा, लाल, पिवळ्या, पाखरांसारख्या तिरक्या. शिकाऊ माणसं धपाधप पडायची आणि लगेच उभी राहायची. बुडायची सोयच नाही तिथे. पत्र्याच्या छपराखाली फळीवाला बसलेला असायचा, उन्हाने नाकाची सालं निघालेला, मितभाषी. फळ्या भाड्याने द्यायच्या, शिडं वाळत घालायची आणि उरलेला वेळ पाण्याकडे बघायचं, एवढंच त्याचं काम.

मी छत्रीखाली बसून माणसं वाचायला घेतली. ती माझी करमणूक. एक बाप होता, नुसता विजेचा खांब, मान वर करून बोलावं लागेल इतका उंच. तो आत उभा होता, पाणी गुडघ्याला. त्याच्या शेजारी त्याची लेक, जेमतेम त्याच्या मांडीएवढी. तिलाही पाणी गुडघ्यालाच.

मी म्हटलं, वाळूचा उंचवटा असेल. समुद्राची जमीन काय आपल्या ओट्यासारखी सपाट असते थोडीच. तेवढ्यात ती मुलगी बापाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला पळाली, आपल्या बदकामागे. तिथेही गुडघ्यालाच. मग बाप तिच्या आधीच्या जागेवर सरकला. त्यालाही तेवढंच.

मी चष्मा पुसला. शेजारणीला दाखवलं तर ती म्हणाली, काकू, सुट्टीवर आलोय, पाण्याची चौकशी तरी करू नका. मीही हसले. पण मग एकेकाला बघत गेले. आजोबा, बायका, रांगणं नुकतंच सुटलेलं एक पोर. सगळ्यांना गुडघाभर. ज्याचा गुडघा जिथे, तिथे पाणी.

३

दुसरी गोष्ट मला पाण्याच्या कडेला दिसली. तिथे मुलांना कुणी उचलत नव्हतं. एक चिमुरडी पाण्यात उभी राहून रडत होती, दमलेली, झोपेला आलेली. तिची आई समोर उभी, हात पाठीमागे बांधून, आणि गोड बोलून तिला चालत बाहेर काढत होती. माझ्याच्याने रडणारं मूल बघवत नाही. मी उठून गेले, हात पुढे केले, तर ती बाई आडवी आली. रागावली नाही, पण आली.

मूल बाहेर आलं की ओल्या वाळूवर त्याला उभं करायचे आणि पाय आपटायला लावायचे. धप, धप. पोरांना तो खेळच वाटायचा. चांगलं जोरात आपटून झालं की मगच टॉवेल, मगच कडेवर.

मी त्या बाईला विचारलं, हे कशाला हो. ती म्हणाली, वाळू झडते.

आता ओल्या वाळूत पाय आपटल्यावर वाळू झडते की जास्त लागते, हे मला कुणी शिकवायला नको. पण तिने तोंड फिरवलं, आणि सगळ्या गावाच्या पोटात शिरणारी मी, पुढे विचारायचं मलाही सुचलं नाही.

४

ठकीला आम्ही दुसऱ्या दिवशी पाण्यात नेलं. शेजारणीने कडेवरून हळूच खाली सोडलं, मी पलीकडून धरलेलं. पाय पाण्यात शिरले. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, आता पांढरं पडेल, आता हात वर जातील.

तसं काही झालं नाही. तिने खाली बघितलं, मग आईकडे, आणि आमचे हात झटकून एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मग पाणी उडवत पार हद्दीसाठी बांधलेल्या दोरीपर्यंत गेली आणि परत आली.

शेजारीण रडत होती आणि हसत होती. मीही रडले, खोटं कशाला सांगू. पण रडता रडताही माझी नजर खाली गेली. पाणी माझ्या गुडघ्याला होतं. ठकी मला चिकटून उभी होती, आणि पाणी तिच्याही गुडघ्याला होतं. तापाआधी उभी राहायची तेव्हा तिचं डोकं माझ्या कमरेला लागायचं. आता ते माझ्या छातीशी होतं.

मी विचारलं, ठके, पायाखाली कसं लागतंय गं?

"मऊ आहे काकू. आणि गरम."

पाणी तर गार होतं.

बाहेर यायच्या वेळी ठकी दमली होती. कडेला कोरडी वाळू दिसली तशी ती थबकली, आणि वर्षभराच्या सवयीने तिचे दोन्ही हात वर गेले. शेजारीणही वर्षभराच्या सवयीनेच वाकली. फळीवाला छपराखालून धावत सुटलेला मी बघितला. त्याने लांबूनच हात हलवला, उचलू नका, तिला चालत येऊ द्या, पाय आपटू द्या. तोवर ठकी कमरेवर होती.

शेजारीण त्याला चांगलीच फाडफाड बोलली. पोरीला चालता येत नाही, दिसत नाही का, आपटायचं काय सांगताय. तो ओशाळला. म्हणाला, मग आत्ता खाली ठेवा आणि आपटून घ्या. तिने ऐकलं नाही. मला म्हणाली, काकू, आज आपली पोरगी किती जड लागतेय बघा, चालून चालून अंगात जोर आला.

५

खोलीत आल्यावर ती ठकीला पलंगावर बसवायला वाकली, आणि ठकी सरळ फरशीवर उभी राहिली. उभी राहिली आणि चालायला लागली. खिडकीपर्यंत, दारापर्यंत, मोरीपर्यंत. शेजारीण भिंतीला टेकून बघत राहिली. मग तिने नवऱ्याला फोन लावला.

मी चहा टाकला. चहा उकळत होता, नळ ठिबकत होता, बाहेर कुणाची तरी दोरीवरची शिडं फडफडत होती. सगळं ऐकू येत होतं. पाठीमागे एक पोर अनवाणी फरशीवर पळत होतं, त्याचा मात्र आवाज नव्हता.

वळून बघितलं. ठकी पळत होती. पावलं पडत होती. जिथे पडत होती तिथे ओल उमटत होती. मी फडकं घेऊन पुसायला वाकले, पावलं असतील म्हणून. तर त्या ओलीला पाच बोटं होती, लांब, पसरलेली, आणि तळवा रुंद. मी माझा हात त्यावर ठेवून बघितला. भांडी घासून घासून माझा पंजा काही नाजूक राहिलेला नाही. तरी तो त्या ओलीत कुठल्या कुठे मावला.

ओल्या टॉवेलचे डाग असे काहीही दिसतात, असं मी स्वतःला सांगितलं. एकेक डाग पुसत गेले. शेजारणीने बघायच्या आत सगळे पुसले.

६

संध्याकाळी जेवायला ठकी बसली नाही. ताटाशी उभ्यानेच खाल्लं. बस म्हटलं की गुडघे वाकवायची, पण बूड काही खाली येईना, पुन्हा सरळ. शेजारीण हसली. वर्षभर बसलीच आहे ती, म्हणाली, उभी राहू दे आता पोटभर. मी दिवसभराच्या उन्हाने दमलेली, लवकर झोपले. सकाळी उठले तेव्हा ठकी खिडकीशी उभी होती. कधी उठली म्हटलं, तर शेजारीण म्हणाली, तुमच्या आधी. आणि अंथरुणाच्या घड्या घालत बसली. ठकीच्या पांघरुणाची घडी मोडलेलीच नव्हती.

त्या दिवशी आम्ही पाण्यावर गेलो नाही. शेजारीण म्हणाली, आता काय गरज आहे. ठकी गॅलरीत चालली, अंगणात चालली, घरमालकिणीला चालून दाखवलं. हसायची, पण डोळ्यांखाली काळं आलं होतं. माझ्याकडे आली, माझ्या मांडीवर डोकं ठेवायला वाकली, आणि तेही जमेना. तशीच माझ्या खांद्याला टेकून उभी राहिली. मी तिला उचलायला गेले. जमिनीत रोवल्यासारखी होती.

दुपारी जेवणं आटोपून आम्ही दोघी आडव्या झालो. माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा पडदे ओढलेले, खोलीत पिवळा अंधार. शेजारीण पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपलेली. आणि ठकी खोलीच्या मधोमध, उभी. मान छातीवर पडलेली, तोंड थोडं उघडं, हात लोंबकळत. गाढ झोपेत होती.

ती हलत होती. मागे, पुढे. मागे, पुढे. झोपेचा तोल जातो तसं नव्हतं ते. पाळणा हलवावा तशी एका लयीत ती हलत होती, अगदी मायेने. तिच्या टाचा आणि फरशी यांच्यामध्ये पडद्याच्या फटीतून आलेली उन्हाची रेघ मला आरपार दिसत होती. सपाट, अखंड. तिच्या पायांखालून पलीकडे गेलेली.

शेजारीण झोपलेली नव्हती. तिच्या पाठीवरून मला कळलं. झोपलेल्या माणसाची पाठ अशी ताठ नसते.

७

मी पायांत चपला सरकवल्या आणि फळीवाल्याकडे गेले. तो शीड शिवत होता. मी सगळं सांगितलं, आणि सांगताना मला माझंच बोलणं वेडगळ वाटत होतं. तो हसला नाही. सुई शिडात खोचून ठेवली.

ते काय आहे, असं मी विचारलं. त्याला माहीत नव्हतं. त्याच्या बापालाही माहीत नव्हतं. इथे मुलं बुडत नाहीत एवढं खरं, म्हणाला, कधीच बुडालेली नाहीत. म्हणून तर लोक येतात.

मग वाईट नाही ना ते, मी म्हटलं. मला कुणीतरी हो म्हणायला हवं होतं.

"वाईट कशाला असेल बाई," तो म्हणाला. "त्याला उचलायचं माहीत आहे. ठेवायचं माहीत नाही."

पाण्याच्या कडेला आणून पाय आपटू द्या, म्हणजे त्याला कळतं की खाली जमीन आहे. बेट सोडायच्या आधी करा. नंतर कुठे आपटणार. एवढं बोलून त्याने पुन्हा सुई उचलली. टाका काही त्याला घालता येईना.

८

परत आले तेव्हा शेजारीण दारातच उभी होती. कुठे गेला होतात, हे तिने विचारलं नाही.

मी म्हटलं, तुला दिसलंय ना. ती म्हणाली, पहिल्याच रात्री. मी म्हटलं, मग उद्या सकाळी तिला पाण्यावर नेऊ आणि पाय आपटू देऊ.  ती अशा आवाजात बोलली की तो मी भिंतीपलीकडूनही कधी ऐकला नव्हता.

"वर्षभर मी उचललं, काकू. बाजारात, दवाखान्यात, जिने चढताना. आता दुसरं कुणी उचलतंय, तर तुमच्या डोळ्यांत का खुपतंय?"

 माझी मुलं आपल्या पायांनी चालत मोठी झाली. ती पुढे म्हणाली, घरी नेलं तर लोक काय बघतील, एक मुलगी चालतेय, एवढंच ना. शाळेत जाईल. पायांखाली कोण बघतं. असं ती बोलत राहिली आणि मला ते पटायला लागलं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

तेवढ्यात आतून ठकी जागी झाली. रडत नव्हती. दमलेल्या म्हाताऱ्या बाईसारखी बोलली.

"आई, मला बसायचंय गं."

शेजारणीने दाराची चौकट धरली. मग आत जाऊन तिने पोरीचे दोन्ही खांदे धरून खाली दाबायचा प्रयत्न केला, आधी हलके, मग सगळा जोर लावून. ठकी तसूभर खाली गेली नाही. उलट थोडी वर आली, कुणी हिसकावून घेईल म्हणून मूल घट्ट धरावं तशी.

९

सकाळी आम्ही सामान घेऊनच किनाऱ्यावर गेलो, तिथूनच बोट पकडायची म्हणून. कुटुंबं यायला लागली होती. फळीवाला छपराबाहेर येऊन उभा राहिला, पण जवळ आला नाही.

ओल्या वाळूवर ठकीला उभं केलं. आई म्हणाली, आपट. ठकीने पाय उचलला आणि आपटला. आवाज आला नाही. पुन्हा आपटला. जीव खाऊन आपटत होती पोर, घामाने भिजली, आणि तिचं प्रत्येक पाऊल वाळूच्या जरा वरच झेललं जात होतं, अलगद. आपल्याला काही सांगितलं जातंय हे त्याला कळतच नव्हतं. मूल पडतंय एवढंच कळत होतं.

मग शेजारणीने पदर कमरेला खोचला आणि ती वाळूत गुडघ्यांवर बसली. पाणी येऊन तिच्या साडीला लागलं. तिने आपले दोन्ही हात तळवे वर करून ठकीच्या पायांपुढे ठेवले आणि सरकवत सरकवत त्या मोकळ्या जागेत आत घातले. मनगटापर्यंत आत गेले. तिच्या अंगावर सर्रकन काटा आलेला मला दिसला. कुणाच्या तरी हातात तिने हात घातला होता.

"दे," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, शेजारणीकडून मूल परत घ्यावं तसा. "माझी आहे. दे आता माझ्याकडे."

काहीच झालं नाही. वारा तेवढा होता. पाण्यातली माणसं जागच्या जागी उभी होती, सगळी आमच्याकडे तोंड करून.

मग ठकी थोडी खाली आली. तिचे पाय आईच्या तळव्यांवर टेकले, भार पडला, आईची बोटं वाळूत रुतली. पोर धाडकन मागे बसली, ओल्या वाळूत, बुडावर, आणि मोठ्याने रडायला लागली. इतकं चांगलं रडणं मी आयुष्यात ऐकलं नाही.

मी धावले. शेजारीणही उठली. किती सहज उठली. गुडघ्यांवर हात न टेकता, कण्हल्याशिवाय, जणू कुणी काखेत हात घालून उभं केलं. कंबर एकदम सरळ. तिने ठकीला उचललं, एका हाताने पिशवी घेतली, आणि चला काकू, बोट चुकेल, म्हणून पुढे झाली.

मी छत्री गोळा करून मागून निघाले. ओली वाळू ओलांडून धक्क्यापर्यंत आलो. वळून बघितलं तर आमच्या वाटेवर एकाच माणसाची पावलं होती, आणि ती माझी होती.

१०

बोटीत बाकं रिकामीच होती. मी खिडकीशी बसले आणि शेजारी हात आपटून तिला जागा दाखवली. ती उभी राहिली. बोटवाला म्हणाला, बाई बसून घ्या, पुढे हलते. ती बरं म्हणाली आणि उभी राहिली. बोट हलायला लागली तेव्हा आम्ही सगळे एका बाजूला कललो, ती दुसऱ्याच कुठल्या तरी लयीत मागे पुढे होत राहिली.

मी म्हटलं, ठकीला तरी माझ्याकडे दे. तिने दिलं. ठकीचे पाय पुन्हा पहिल्यासारखे लुळे लोंबत होते. तिने माझ्या मांडीवर बूड टेकलं, माझ्या पोटात डोकं खुपसलं आणि क्षणात झोपून गेली. मी तिला थोपटत राहिले, बाकाच्या फळीला पाठ टेकून, पाय पसरून.

मान वर केली तर शेजारीण आमच्याकडे बघत होती. माझ्या पसरलेल्या पायांकडे, ठकीच्या टेकलेल्या बुडाकडे, बाकाकडे. वर्षभर ठकी कमरेवरून रस्त्यावरच्या पळणाऱ्या मुलांकडे बघायची, अगदी तसंच.